सेकंडचा माल

डॉक्टरांनी गोळ्या थोड्याच लिहून दिल्या, सवयी मात्र भरपूर. रोज सकाळी चालायचं, झोप पुरी करायची, बीपी आणि साखर आटोक्यात ठेवायची, मीठ कमी, कान तपासून घ्यायचे, काहीतरी नवं शिकायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणसांत राहायचं. "गेलेलं परत येईल असं मी म्हणत नाही," ते मला म्हणाले. "पण आहे ते जास्त दिवस टिकवायचं असेल, तर यांचं चालणं आणि यांची मित्रमंडळी, या दोन गोष्टी सोडू देऊ नका." आमचे हे शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरच्या मेंदूच्या चित्रात खोट शोधत होते.

मी महापालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढला. डॉक्टर काय बोलतात आणि काय गिळतात ते मला कळतं. आजार सुरू झाला होता आणि तो पुढे जाणार होता. माझ्या हातात होतं ते एवढंच, की त्याचा वेग कमी करायचा.

एक सवय डॉक्टरांनी मलाही लावली. रोज संध्याकाळी चहा झाला की यांनी मला एखादी घडलेली गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची. मी मध्ये बोलायचं नाही, आठवण करून द्यायची नाही. गोष्ट पुरी झाली की तोंडभरून शाबासकी द्यायची. "लहान मुलाला देतात तशी?" मी विचारलं. "तशीच," डॉक्टर म्हणाले. ज्या माणसानं हयातीत कुणाला शाबासकी दिली नव्हती, त्याला आता मी ती द्यायची होती. मला मनातून हसूच आलं.

कारण आमचे हे चेकर. भवानी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात यांची सगळी नोकरी चेकिंगच्या टेबलावर गेली. मागावरून उतरलेली चादर टेबलावर पसरायची, वरून दिवा, आणि हे त्यावरून तळहात फिरवत जायचे. धागा सुटलेला, काठ वाकडा, तेलाचा डाग, काहीही सापडलं की चादर उचलून बाजूच्या ढिगात फेकायची आणि म्हणायचं, "सेकंड!" सेकंडचा माल म्हणजे खोट निघालेला. तो मिळेल त्या भावात जायचा आणि विणणाऱ्याची मजुरी कापली जायची. माणसं हात जोडून उभी राहायची, तेलुगूत, मराठीत विनवायची. हे त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, पुढची चादर ओढायचे. आणि संध्याकाळी घरी येऊन आज कोण कसं रडलं ते मला रंगवून सांगायचे.

टेबल कारखान्यात राहिलं तरी तळहात घरी यायचाच. भाकरीचा काठ चिरला, सेकंड. मुलीला गणितात कमी मार्क, सेकंड. माझी धाकटी बहीण जरा लंगडते, तिला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा हे सगळ्यांसमोर काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी रडण्यात घालवलं, दुसऱ्या वर्षापासून उलट बोलायला लागले. तेव्हा माझ्या नवऱ्याचं पुढे जे झालं ते वाचून कुणी त्यांना फार गरीब समजू नये. ते गरीब नव्हते.

निवृत्त झाल्यावर तलावाकाठचा कट्टा हेच यांचं टेबल झालं. रोज सकाळी आठ-दहा म्हातारे तलावाला फेरी मारायचे आणि मग कट्ट्यावर बसून बिनसाखरेचा चहा प्यायचे. कुठल्याशा पेपरात यांनी वाचलं की म्हातारपणी मेंदूला व्यायाम पाहिजे, नाहीतर तो गंजतो. झालं. दुसऱ्याच दिवशी यांनी कट्ट्यावर परीक्षा सुरू केली. आज वार कोणता, तिथी कोणती, काल भाजी काय खाल्ली, कालच्या मॅचमध्ये शेवटची विकेट कुणाची गेली. चुकला की सगळ्यांनी हसायचं. आणि सारखा चुकायला लागला की हे टाळी वाजवून म्हणायचे, "सेकंड!" नियम यांचाच. सेकंडचा माल कट्ट्यावर ठेवायचा नाही.

पहिले गेले ते पोस्टमास्तर. फार सभ्य माणूस, आमच्याकडे आले की माझ्या तब्येतीची विचारपूस करणारे एकटेच. त्यांना एका सकाळी स्वतःच्या नातवाचं नाव आठवेना. यांनी त्यांना कट्ट्यावर उभं केलं, एकेक अक्षर सुचवत राहिले, आणि पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा टाळी वाजवली. घरी येऊन हे मला हसत हसत सांगत होते. मी म्हणाले, "लाज वाटत नाही का ओ?" तर म्हणाले, "अगं, खोट निघालेला माल चांगल्यात ठेवला तर चांगल्याचा भाव जातो." पोस्टमास्तर पुढे येईनासे झाले. मग त्यांच्या लेकीनं त्यांना मोहोळला नेलं, एवढंच कानावर आलं.

आता यांची पाळी आली. मला आधी कळलं ते शेंगाचटणीवरून. हे एका आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून रोज चटणीचा पुडा आणायला लागले. फडताळात पुड्यांची रांग लागली तरी यांना पत्ता नाही. मी दुकानदाराला जाब विचारला तर तो दात काढून म्हणाला, "काकांना लई आवडती वाटतं." त्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. विकणाऱ्याला सगळं कळतं. मग पलंगावरच्या चादरीवरून हे रोज सकाळी तळहात फिरवायला लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे आणि पुन्हा पहिल्या टोकापासून सुरू करायचे. तेव्हा मी यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांचं ऐकून आले तशी एकच गोष्ट माझ्या डोक्यात बसली. काहीही झालं तरी कट्टा सुटता कामा नये. आणि कट्ट्यावर तर परीक्षा. म्हणून मी रोज सकाळी यांची तयारी करून घ्यायला लागले. दात घासताना वार, चहा पिताना तिथी, बूट घालताना कालची भाजी. "आज बुधवार. काल वांगं केलं होतं. पुन्हा म्हणा." तर हे खेकसायचे, "मला शिकवायलीस व्हय?" पण घाबरलेले असायचे. फाटकापर्यंत जाऊन परत फिरायचे आणि हळूच विचारायचे, "वांगं, न्हवं का?" ज्या माणसापुढे विणकर हात जोडून उभे राहिले, तो फाटकात उभा राहून वांगं पाठ करत होता. मला दया आली आणि त्याच वेळी, खरं सांगते, बरंही वाटलं.

काही दिवस असं निभलं. संध्याकाळची गोष्ट मात्र कधीच पुरी होत नव्हती. "सकाळी उठलो, दूध आणायला गेलो, आणि..." यांची गाडी दुधाशी येऊन थांबायची. मग हे माझ्याकडे बघत राहायचे. मी ओठ दाबून गप्प बसायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, मध्ये बोलायचं नाही.

जानेवारीत कट्ट्याची हुरडा पार्टी असते. मंद्रूपला एकाचं शेत आहे. दरवर्षी सगळे जोडीनं जातात, आम्हीही गेलो. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली हिरवी माकडटोपी यांनी घातली होती. ती फार भडक होती, पण यांना आवडली होती आणि वाद घालायची माझी इच्छा नव्हती. आम्ही बायका बोरीखाली सतरंजी टाकून बसलो. पुरुष पलीकडे आगटीभोवती. जमिनीत खड्डा करून गोवऱ्या पेटवलेल्या, त्या धगीत कोवळ्या ज्वारीची कणसं भाजायची. कणीस चटका बसेल इतकं गरम असतानाच चोळावं लागतं, गार झालं की दाणा सुटत नाही. एरवी हे काम शेतातली माणसं करतात आणि पाहुणे नुसते खातात.

त्या दिवशी कट्ट्यावरच्या बँक मॅनेजरनं वेगळा नियम काढला. हा निवृत्त मॅनेजर म्हणजे यांच्यानंतरचा कट्ट्याचा पुढारी. परीक्षा इथेच घ्यायची, चुकेल त्यानं सगळ्यांसाठी कणसं चोळायची. आधी सगळे एकेकदा चुकल्यासारखं करून चोळत होते. नंतर हसणं वाढलं आणि दर वेळी यांच्याच पाळीला यायला लागलं. मी ताकाची कळशी उचलली आणि तिकडे गेले. ती पुढे करायच्या आधी मी त्यांच्या पाठीमागे थोडा वेळ उभी राहिले.

"बोला चेकरसाहेब, आज वार कोणता?"

हे विचार करत होते. टोपी भुवयांपर्यंत आलेली. "सोमवार?"

"चुकला! चोळा."

कुणीतरी आगटीतून कणीस काढून यांच्या हातावर ठेवलं. शेतातल्या माणसानं फडकं पुढे केलं तर मॅनेजरनं ते बाजूला सारलं. हे चोळायला लागले. दाणे परातीत पडले, सगळ्यांनी मुठी भरून घेतल्या. मग यांनी हात झटकले आणि विचारलं, "आता कुणाची पाळी?"

"तुमचीच की."

"माझी झाली की मगाशी."

"कुटं झाली? अजून व्हायची हाय. काय ओ, झाली का यांची पाळी?"

सगळ्यांनी माना हलवल्या. न्हाई, न्हाई. सगळे सत्तरीतले, नातवंडांचे आजोबा. यांनी आपले तळहात समोर धरले. ते सुजून लालबुंद झाले होते, एका ठिकाणी फोड फुटून पाणी आलं होतं. हे त्या हातांकडे असे बघत होते, की काहीतरी खोट आहे एवढं कळतंय पण कुठे ते सापडत नाही.

"मग हे हात कशानं लाल झाले?"

"थंडीनं ओ," मॅनेजर म्हणाला. आणि जे हसले, जे हसले, एकाला तर ठसका लागला.

मी पुढे होऊन यांचा हात धरला आणि सगळ्यांना दिसेल असा उलटा केला. "ही थंडी आहे का? मी नर्स होते. हे भाजलंय, मला कळतं."

"वहिनी, गंमत करायलोय ओ आम्ही."

"तुमच्या हातावर करा की गंमत. आणा हात."

मॅनेजरनं आपले हात पाठीमागे नेले. आणि तेव्हा आमचे हे उठले. मला वाटलं, माझ्याबरोबर यायला उठले. यांनी माझ्या हातातून हात हिसकावून घेतला. "तू कशाला आलीस गड्यांच्यात? जा तिकडं! माझी माणसं हायेत ही." आणि खाली बसून परातीच्या दिशेनं हात पुढे केले. "द्या ओ. माझी पाळी राहिलीय म्हणं."

मी कळशीतलं सगळं ताक आगटीत ओतलं. फस्सकन धूर उठला, राख उडाली, हुरडा संपला. बायका सतरंजीवरून बघत होत्या. एकीनंही जागा सोडली नाही.

घरी येऊन मी यांचे हात धुतले, मलम लावलं, पट्टी बांधली. हे रुसले होते. का रुसलोय ते आठवत नव्हतं, पण राग शिल्लक होता. या आजारात असंच असतं. घडलेलं पुसलं जातं आणि त्याचा राग, भीती मागे राहते.

त्या आठवड्यापासून हे सकाळी जायचे आणि लगेच परत यायचे. "कुणी आलं न्हवतं." दुसऱ्या दिवशी तेच. फोनवरचा कट्ट्याचा ग्रुपही मुका झाला होता, नाहीतर पहाटेपासून फुलांच्या चित्रांचा पाऊस असायचा. मी एका सकाळी मागोमाग गेले. हे रिकाम्या कट्ट्यावर टोपी घालून ताठ बसले होते आणि फेरी मारणाऱ्या प्रत्येक माणसाला नमस्कार करत होते. चहावाल्यानं मला बाजूला बोलावून सांगितलं, "मावशी, ती मंडळी आता कॉलेजच्या ग्राउंडवर जायलीत. काकांना सांगू नका म्हणलेत."

यांना घरी सोडून मी तशीच ग्राउंडवर गेले. सगळे होते. गोल करून, हात वर करून मोठमोठ्यानं हसत होते. म्हणजे व्यायामाचं हसणं. मला बघितल्यावर ते एकेक करत बंद पडलं.

मी भांडायला गेले नव्हते, मागायला गेले होते. ते मला फार जड गेलं. मी म्हणाले, "त्यांना खेळात घेऊ नका. प्रश्न विचारू नका. नुसतं बरोबर चालू द्या. डॉक्टरांनी सांगितलंय, माणसं सुटली की ते लवकर जातील."

मॅनेजर रुमालानं मान पुसत म्हणाला, "वहिनी, आम्हाला वाईट वाटत न्हाई असं न्हाई. पण आमची पण वयं झालीत ओ. त्यांच्याकडं बघितलं की दिवसभर डोक्यात तेच राहतंय. रात्री झोप लागत न्हाई. आमचे डॉक्टर काय म्हणतात, सकाळी मन प्रसन्न पाहिजे. टेन्शन मेंदूला वाईट." बाकीचे मान डोलावत होते. मग तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आणि नियम तर त्यांचाच हाय की. सेकंडचा माल..." पुढचं त्यानं गिळलं.

नियम खरंच यांचा होता. पोस्टमास्तर मला तिथे उभे असल्यासारखे दिसले. मी मागण्याचं सोडून दिलं. त्या गोलात एकेकाच्या तोंडाकडे सावकाश बघितलं, दवाखान्यात नव्या पेशंटकडे बघत असे तसं, आणि म्हणाले, "त्यांच्यानंतर कोण, ते आत्ताच ठरवून ठेवा. सुरुवात झालेला एक तरी आहे तुमच्यात. मला दिसतोय." दिसत कुणीच नव्हता. पण त्यांनी एकमेकांकडे जे बघितलं ते मी डोळे भरून बघून घेतलं आणि परत फिरले. आता त्यातल्या कुणाला चष्मा सापडला नाही तरी रात्रभर झोप येणार नाही. मला त्याबद्दल जराही पस्तावा नाही.

दुसऱ्या दिवसापासून मीच यांच्याबरोबर चालायला लागले. यांना ते आवडत नव्हतं. "बायकूला घेऊन कोण फिरतंय?" म्हणून हे दहा पावलं पुढे चालायचे आणि वळणावर मी दिसले नाही की घाबरून थांबायचे. मुलीनं पुण्याहून फोनवर कोडी सोडवायचं काहीतरी पाठवलं, ते यांनी एकदा बघितलं. कानाचं यंत्र आणलं, ते साखरेच्या डब्यात सापडलं. मी मीठ कमी केलं, दोरीवर कपडे वाळत घालायचं काम यांना दिलं, रोज तलावाला फेरी घातली. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं केलं. फक्त माणसं मी कुठून आणणार होते?

संध्याकाळची गोष्टही मी सोडली नव्हती. रोज चहा, रोज तेच दूध, रोज तिथेच अडकणं. आणि मग एका संध्याकाळी हे आपण होऊन म्हणाले, "अगं, आज एक लई भारी गंमत झाली, सांगू का?" यांच्या डोळ्यांत जुनी चमक होती, कारखान्यातून घरी येताना असायची ती. मी कप खाली ठेवला.

"आम्ही हुरडा खायला गेलतो. आमचा सगळा कट्टा. तर एक म्हातारं आलतं बघ, कुणी आणलं काय म्हाईत. हिरवी माकडटोपी घालून, असं येडं दिसायलंतं! त्याला काय बी इचारा, त्याला येईना. वार सुद्धा येईना. मग आमी काय केलं, त्याला म्हणलं, कणसं चोळ. त्यानं चोळली. परत म्हणलं, तुझी पाळी हाय. परत चोळली! त्याला आठवतच न्हवतं ना. हात भाजले तरी चोळायलंतं. म्हणतंय, हात कशानं लाल झाले? आमी म्हणलं, थंडीनं!" हे पोट धरून हसले. हिरवी टोपी यांच्या डोक्यावर हलत होती. "मग त्याची बायकू आली. लई तोंडाळ बाई. ताकाची कळशी उचलली आणि ओतली की आगटीत. चांगला हुरडा घालवला भवानीनं. मग ठरवलं आमी. म्हणलं, हा माल सेकंडात टाका. परत कट्ट्यावर घ्यायचा न्हाई."

गोष्ट पुरी झाली होती. कुठेही अडकली नाही, कुठे दूध आलं नाही. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं सलग. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. हे माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते.

"शाब्बास," मी म्हणाले. "छान सांगितलंत."

हे खूश झाले. मी मलमाची डबी आणली, कारण फोड बसले होते तरी कातडी अजून निघत होती आणि रोज या वेळेला मी मलम लावत असे. "हात पुढे करा," मी म्हणाले. यांनी ते केले, आणि दिव्याच्या उजेडात आपल्याच तळहातांकडे निरखून बघितलं.

"हे गं कशानं झालं?"

"थंडीनं," मी म्हणाले, आणि मलम लावायला घेतलं.